रायफलीची माशी

९ डिसेंबर १९७४, सोमवार. ठरलेली मजुरी बारा रुपये. हजर तिघे: बंदूक दुरुस्त करणारा मिस्त्री, माझे सासरे आणि मी. जागा वाशीमच्या जुन्या बाजारामागचं मिस्त्रीचं दुकान. सासऱ्यांच्या रायफलीची माशी पक्की करायची आणि मागच्या पट्टीची झिजलेली खीळ बदलायची, एवढं काम.

नळीच्या टोकावर लोखंडाचं जे बारीक पातं उभं असतं त्याला माशी म्हणतात. मागे पट्टी असते, तिला खाच. खाचेतून माशी पाहायची आणि माशीच्या टोकावर निशाण धरायचं. दोघांतलं एक जरी ढिलं झालं तरी गोळी भलतीकडे जाते. मला हे तेव्हा नवीन होतं. मी वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजारात काट्यावरचा कारकून. माझा संबंध कापसाच्या वजनाशी. पण काट्याची सुई आणि बंदुकीची माशी यांत मला फार फरक वाटला नाही. सुई हलत असेल तोवर वजन लिहू नये, एवढं मला कळत होतं.

रायफल पलटणीतून बाद झालेली, जुनी. लाकडाचा दस्ता काळपट पडलेला, त्यावर कोणीतरी कोरलेला आकडा अर्धा पुसलेला. सासऱ्यांनी पलटणीत सतरा वर्षं काढली होती म्हणून त्यांना तिचा परवाना मिळाला, आणि परवाना होता म्हणून मालेगावच्या एका जिनिंगमध्ये रात्रीच्या पहाऱ्याची नोकरी मिळाली. मी त्यांना मामाजी म्हणत असे. ते मला जवाईबुवा म्हणत.

मामाजी मूळचे मेडशीचे. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा माझी बायको होती. आम्हाला मूल नव्हतं. त्या तीन वर्षांत पैशाचा विषय कधी निघाला नाही. मग १९७४ च्या मार्चमध्ये बायको काविळीनं गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, भांडी मांडणीवर लागली, आणि मामाजी आपली ट्रंक अंगणात ठेवून तिच्यावर बसले.

"लेक होती तवर मी तिचा बाप म्हून राह्यलो," ते म्हणाले. "आता तुमच्या घरात मी कोन?"

"मामाजी, असं काहून बोलता?"

"बरोबर बोलून राह्यलो. भाडेकरू म्हना. महिन्याचे तीस रुपये घ्या, खोलीचे न् जेवनाचे. घेत असान तं राह्यतो. नाई तं मेडशीले पुतण्याकडं जातो."

मी आधी नाही म्हटलं. ते उठले आणि ट्रंकेची कडी धरली. मग मी हो म्हटलं. दर महिन्याच्या एक तारखेला ते तीस रुपये माझ्या हातावर ठेवत आणि मी ते मोजून घेत असे. न मोजता घेतले असते तर त्यांना ते आवडलं नसतं.

घरात दोन माणसं राहत होती, पण एका वेळी बहुतेक एकच. दिवस मावळला की ते पहाऱ्याला जात, सकाळी परत येत. तोवर माझी बाजाराला निघायची वेळ झालेली असे. दारातच आम्ही एकमेकांना ओलांडत असू. एकत्र मिळायचा तो संध्याकाळचा तास-दीड तास. भाकरी मी थापायचो, भाजी ते करायचे. जेवणानंतर ते रायफल पुसायला बसत आणि मी समोर बसत असे. बोलायला दोघांकडेही फारसं नव्हतं. ज्या एका माणसाबद्दल बोलता आलं असतं तिचं नाव दोघंही काढत नव्हतो.

पावसाळा सरताना ते म्हणाले, "जवाईबुवा, माशी हलून राह्यली."

मी नखानं दाबून पाहिलं. खरंच किंचित हलत होती. त्यानंतर रोज संध्याकाळी मी विचारायचो, "आज कशी हाय माशी?" आणि ते सांगायचे, आज जास्त हलते, आज कमी. आमच्या घरातलं ते एक बोलणं झालं होतं. दुरुस्त करून आणू, असं मी दोनदा म्हटलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही.

डिसेंबर लागताच जिनिंगमध्ये नवा मॅनेजर आला. तरुण माणूस, नियमाचा. त्यानं दोघा पहारेकऱ्यांना सांगितलं की येत्या शनिवारी नाल्याच्या काठी प्रत्येकानं पाच गोळ्या झाडून दाखवायच्या. तीन फळीवर लागल्या तर नोकरी पुढे, नाहीतर हिशेब करून मोकळं. यात चुकीचं काही नव्हतं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

मला एवढंच दिसत होतं की नोकरी गेली की मामाजींचे तीस रुपये जातील, आणि तीस रुपये गेले की मामाजी जातील. त्या पैशांची मला गरज नव्हती. माझा पगार एका माणसाला पुरून उरत होता.

म्हणून सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही एसटीनं वाशीमला गेलो. रायफल वाकळीत गुंडाळली होती. वाकळ बायकोनं शिवलेली, जुन्या लुगड्यांची.

मिस्त्री पन्नाशीचा, दाढी मेंदीनं रंगवलेली. दुकानात परवान्याची पाटी, खाली कुलपं, स्टोव्ह, शिलाई मशिनीची डोकी. बंदुका क्वचितच येत असाव्यात. वाकळ उलगडल्यावर त्याचा चेहरा खुलला.

"या मामू, या. कोनत्या लढाईवरून आले?"

"लढाई सरली, मिस्त्री. आता सरकी राखतो."

"सरकीले रायफल? आमच्या गल्लीत बकऱ्यायले बी राखन नाई." त्यानं बोटानं माशी हलवून पाहिली, मग मागची पट्टी वरखाली केली. "माशी ढिली. आन दीदबान बी ढिला."

"पलटनीत आमी त्याले बॅकसाइट म्हनत होतो."

"पलटनीत काई बी म्हना. आमच्यात दीदबान. दीदबान म्हंजे पहारेकरी. तुमच्यावानी."

"मंग ढिला असनारच," मामाजी म्हणाले, आणि दोघंही हसले.

मिस्त्रीनं पंधरा सांगितले, मी दहा म्हटले, बारावर ठरलं. मी खिशात हात घातला तर तो म्हणाला, "आज नाई. मालकानं सोता पाहून म्हनाव, माशी बसली. तवा पैसे."

"मी देतो ना," मी म्हटलं.

"तुमी देसान, पन पाहनार कोन? जवाई म्हनल बसली, भाऊ म्हनल बसली, असं चालत नाई माह्याकडं. दुसऱ्याच्या डोळ्यानं माल नेतात न् मंग चार महिन्यानं भांडाले येतात."

"आन मालक म्हनलाच नाई तं?"

"असं आजलोक झालं नाई."

त्यानं रायफल गोणपाटात धरून शिकंज्यात आवळली. माशी नळीवरच्या तिच्या खाचेतून बाजूला ठोकून काढली. खाच साफ केली, तांब्याची कागदासारखी पातळ पट्टी कापून तिच्यात घातली आणि माशी पुन्हा आत सरकवली. आता ती सहज जात नव्हती. पितळी हातोडीनं हळूहळू मध्यावर आणली. मागच्या पट्टीची जुनी खीळ काढली, एका तारेतून नवी घासून तयार केली, बसवली. मग बोल्ट काढून घेतला आणि नळीच्या मागच्या टोकाला डोळा लावला. समोर रस्त्यापलीकडे तारेचा खांब होता, त्यावर चिनी मातीची पांढरी वाटी. नळीतून ती वाटी बरोबर मध्यात येईपर्यंत त्यानं शिकंजा थोडा थोडा फिरवला आणि पुरता आवळला. आता मान वर करून खाचेतून माशी पाहिली की तीही त्याच वाटीवर दिसायला हवी. दिसत नव्हती, डावीकडे जात होती. त्यानं हातोडीचे आणखी दोन ठोके दिले, पुन्हा पाहिलं, आणि नळीवरच्या खाचेच्या कडेला छिन्नीची खूण मारून माशी कायमची अडवली.

"या, तुमी पाहा," तो मला म्हणाला.

मी वाकलो. खाचेच्या मधोमध माशी, माशीच्या टोकावर पांढरी वाटी. श्वास सोडला तरी काही हललं नाही. हलणार कसं, रायफल लोखंडात आवळलेली होती. रिकाम्या पारड्यांच्या काट्यासारखी सरळ होती ती. मला फार बरं वाटलं. शनिवारच्या पाचातल्या तीन मी मनातल्या मनात मोजूनही टाकल्या.

"या मामू."

मामाजी वाकले. डावा डोळा मिटला, उजवा लावला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"हलून राह्यली," ते म्हणाले.

मिस्त्रीनं माशीला अंगठा लावून जोर दिला. "हे पाहा. हातोडीनं बी हलत नाई आता."

"खाली गेली. आता वर आली."

नळीवरच्या खाचेत बसवलेली माशी फार तर डावीउजवीकडे सरकेल. वरखाली ती ढिली असतानाही जात नव्हती. हे मला जितकं कळलं तितकंच मिस्त्रीलाही कळलं असावं, कारण त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. हातातली हातोडी त्यानं खाली ठेवली.

"चहा सांगतो," तो म्हणाला. "सकाळपासून काई खाल्लं नसन तुमी."

मामाजी तसेच वाकलेले होते. मग त्यांनी मान उचलली. समोर मशिदीच्या आवाराची भिंत होती, नुकताच चुना दिलेली, उन्हात पांढरीशुभ्र. त्या भिंतीकडे ते पाहत राहिले. डोळे आधी एकीकडे, मग दुसरीकडे, उडणाऱ्या माशीमागे जावेत तसे.

"भितीवर बी हाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "दोन हायेत."

चहा आला. मिस्त्रीनं बशीत ओतून पहिल्यांदा मामाजींना दिला. तीन महिने आम्ही माशी म्हणत होतो, एकाच शब्दात बोलत होतो, आणि संध्याकाळचं ते बोलणं मला गोड लागलं होतं. रायफलीची माशी ढिली होती हेही खरंच. त्यामुळे दुसऱ्या माशीचा संशय ना त्यांना आला ना मला. आपल्याकडे डोळ्यापुढे माशा येतात म्हणतात, ते मी शंभर वेळा ऐकलेलं होतं.

निघताना मी मिस्त्रीला पैशाचं विचारलं. मामाजी वाकळ गुंडाळत होते.

"मामू काय म्हनले?"

"काई म्हनले नाईत."

"मंग माशी उधार," तो म्हणाला.

येताना एसटीत गर्दी नव्हती. कंडक्टरनं वाकळीकडे बोट दाखवलं. "बाबा, हे काय हाय? बासरी?"

"हाव," मामाजी म्हणाले. "पन आता वाजवत नाई."

मालेगाव येईपर्यंत तेवढंच बोलणं झालं. मी मनात हिशेब लावत होतो: डाव्या डोळ्यानं नेम धरता येईल का, अकोल्याच्या डॉक्टरला शनिवारच्या आत गाठता येईल का, मॅनेजरला भेटलो तर दिवस वाढवून मिळतील का. घरी आल्यावर मी हे सगळं त्यांना सांगितलं.

"सतरा वर्षं उजव्या खांद्यावर घेतली," ते म्हणाले. "आता बदलून कोनाले दाखवू?"

शनिवारी ते खाकी घालून निघाले. मी तासाभराची परवानगी काढून मागे गेलो. नाल्याच्या काठी फळी रोवलेली होती. दुसऱ्या पहारेकऱ्यानं आधी पाच झाडल्या, चार लागल्या. मॅनेजरनं मामाजींना खूण केली. ते पुढे झाले, पण झोपून नेम धरला नाही. उभ्यानंच म्हणाले, "सायेब, रायफल बरोबर हाय. डोळा बाद झाला. गोळ्या कायले वाया घालता?"

मॅनेजर थोडा गोंधळला. मग बरं म्हणाला आणि आठवड्याचा पगार त्याच दिवशी काढून दिला. तिथून मामाजी सरळ पोलीस ठाण्यात गेले, रायफल जमा केली, पावती घेतली. घरी आले तेव्हा वाकळ रिकामी, खांद्यावर घडी करून टाकलेली.

त्या संध्याकाळी ते घरीच होते. इतक्या दिवसांनी आम्ही दोघं रात्री एका छपराखाली असणार होतो. भाजी झाली, जेवणं झाली, आणि त्यांनी कोपऱ्यातली ट्रंक पुढे ओढली.

तुम्ही राहा, एवढं मला म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, कोण म्हणून?

"भाडं पूर्ण महिन्याचं घेतलं हाय," मी म्हटलं. "महिना अर्धा बाकी हाय."

ते ट्रंकेकडे पाहत राहिले. "परत देसान अर्धं."

"घेतलेलं भाडं मी परत देत नाई."

"असा नियम हाय काय तुमचा?"

"हाव."

"मंग राहा लागते," ते म्हणाले, आणि ट्रंक मागे सारली.

ते दिवस बरे गेले. रात्री त्यांना झोप येत नसे, सवय पहाऱ्याची. अंगणात फिरत, कडी पाहत, गल्लीतल्या कुत्र्याशी बोलत. मी आत पडून त्यांची पावलं ऐकत असे आणि मला लवकर झोप लागत असे.

एकतीस तारखेला सकाळी मी त्यांना मेडशीच्या गाडीत बसवलं. वाकळ त्यांनी नेली नाही, मांडणीखाली ठेवली. गाडी सुरू व्हायच्या आधी खिडकीतून त्यांनी बारा रुपये माझ्या हातावर ठेवले. "मिस्त्रीचे. काम त्यानं बरोबर केलं."

मी मोजून घेतले.

जानेवारीत मला कळलं की स्वयंपाकाचा मला निम्माच भाग येतो. भाकरी यायची, भाजी येत नव्हती. चटणीशी, ताकाशी, कधी नुसत्या कांद्याशी जेवत असे. जेवण झालं की जिथे समोर बसायचो तिथेच बसायचो. समोर भिंत. मी तिच्याकडे पाहून माशा दिसतात का ते तपासत असे. दिसत नव्हत्या. बाजारात दिवसभर माणसं असत, पण ती वजन विचारत, मी वजन सांगत असे. घरी आल्यावर रोज विचारायचा तो एक प्रश्न होता, तो आता कोणाला विचारायचा नव्हता.

महिन्याच्या शेवटी मी वाशीमला गेलो. मिस्त्रीनं मला ओळखलं.

"मामू?"

"मेडशीले राह्यतात. अकोल्याले दाखवलं पुतण्यानं. उजव्याचं काई होत नाई म्हनतात. डावा चांगला हाय." मी बारा रुपये काढले. "हे त्यायनं पाठवले."

"बसली म्हनले काय?"

"काम बरोबर केलं म्हनले."

"ते तं मले बी मालूम हाय." त्यानं नोटांना हात लावला नाही. "तांब्याची पट्टी न् खिळीचं लोखंड, दीड रुपया द्या. मेहनतीचे पैसे त्यायनं म्हनल्याबिगर होत नाईत."

मी वाद घातला. त्याच्या श्रमाचा हिशेब मी त्याला सांगितला, तो त्यानं शांतपणे ऐकला आणि स्टोव्हची पिन काढायला बसला. मी दीड रुपया दिला. साडेदहा उरले.

हे पैसे माझे नव्हते. पुढच्या रविवारी मी मेडशीला गेलो. मामाजी पुतण्याच्या ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मला पाहून त्यांनी अंगावरचा सदरा सारखा केला. मी सगळं सांगितलं आणि साडेदहा रुपये पुढे ठेवले.

"हट्टी हाय तो," ते म्हणाले.

"घ्या हे."

"माह्यापासून गेले ते गेले. मी परत नाई घेत."

"मंग मी काय करू याचं?"

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. बोटांवर काहीतरी मोजलं. "तीस रुपये महिना म्हंजे रुपया रोज. भाड्यात धरा. साडेदहा दिवस होतात."

"कवा येता?"

"पुढच्या रईवारी. पन अर्ध्या दिवसाचं कसं?"

"दुपारचं जेवन करून निंगा."

"हे बरोबर हाय," ते म्हणाले.

ते आले. ट्रंक आणली नव्हती, एक पिशवी होती. मांडणीखालची वाकळ त्यांनीच काढली आणि उन्हात टाकली. दहा दिवस भाजी त्यांनी केली. रोज संध्याकाळी जेवणानंतर मी विचारत असे, "आज कशी हाय माशी?" ते चुन्याच्या भिंतीकडे पाहत आणि सांगत. एकदा तीन आहेत म्हणाले. एकदा म्हणाले, आज एकच आहे, पण मोठी. सातव्या की आठव्या दिवशी त्यांनी आपणहून माझ्या बायकोची एक गोष्ट सांगितली: लहानपणी ती रजेवर आलेल्या बापाच्या बुटात पाय घालून गावभर फिरली होती. ती मला ठाऊक नव्हती. मी ती दोनदा सांगायला लावली.

अकराव्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. दुपारी वांग्याची भाजी आणि भाकरी जेवून ते दोनच्या गाडीनं गेले. घरी येऊन मी वाकळीची घडी घातली.

ठरले होते बारा. त्यातला दीड रुपया मिस्त्रीला दिला, पट्टीचा आणि खिळीचा. बाकीचे साडेदहा मला मिळाले, भाडं म्हणून.